ओट्याच्या मार्बलला सीलर मारला तर लिंबाचे डाग थांबतील का?

निळीशाई: ओट्याला पांढरा मार्बल आहे, पॉलिश केलेला. लिंबू किंवा व्हिनेगर सांडलं की तेवढ्या जागेची चकाकी जाते, आणि शेगडीपाशी तेलाचा काळपट डाग पडलाय तो कितीही घासा, हलत नाही. सगळे म्हणतात सीलर मारून टाक. बाथरूममध्ये काळा ग्रॅनाइट आहे, त्यालाही मारू का?

दगडफूल: ताई, हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत. तेलाचा डाग म्हणजे तेल दगडाच्या छिद्रांत शिरलंय. लिंबाचं तसं नाही, मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, अ‍ॅसिड लागलं की वरचा थर विरघळतो आणि पॉलिश जातं, म्हणजे तो डाग नाहीच, दगडच झिजलाय. आत मुरणारा सीलर छिद्रांमधून तेलपाणी आत जाणं लांबवतो, पुसायला वेळ मिळतो एवढंच. अ‍ॅसिडपासून तो वाचवत नाही. हे आधीच सांगायला हवं, कारण लोक सीलर मारून निर्धास्त होतात आणि मग लिंबू तसंच ओट्यावर पडून राहतं. गेलेली चकाकी परत हवी असेल तर त्या जागेला पुन्हा पॉलिशच करावं लागेल.

निळीशाई: अच्छा! मग आधी डाग काढू की आधी सीलर?

खलबत्ता: आधी डाग, नाहीतर तो आतच अडकेल. खायचा सोडा आणि अ‍ॅसिटोन कालवून घट्ट लगदा करा, डागावर जाडसर थापा, वर प्लास्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद करा आणि २४ तास ठेवा. मग प्लास्टिक काढून लगदा पूर्ण वाळू द्या, घाई करू नका, कारण वाळतानाच तेल दगडातून वर लगद्यात ओढलं जातं. जुना डाग असेल तर एकदा करून भागत नाही, परत करायचं. अ‍ॅसिटोन भुर्रकन पेट घेतं, आणि तुमचा डाग शेगडीपाशीच आहे, त्यामुळे गॅस बंद, खिडक्या उघड्या, आणि आधी कोपऱ्यात थोडं लावून बघा.

दगडफूल: बरोबर. त्यानंतर ओटा धुऊन किमान एक दिवस कोरडा होऊ दे. सीलर पातळ लावायचा, डब्यावर लिहिलंय तेवढीच मिनिटं ठेवायचा आणि वाळायच्या आत सगळा पुसून काढायचा. जास्तीचा राहिला की वर चिकट धुरकट थर बसतो, मग तो काढताना नाकी नऊ येतात. डब्यावर अन्नाच्या जागेसाठी चालतो असं लिहिलेलं बघून घ्या हं.

खलबत्ता: ग्रॅनाइटचं आधी तपासा. पाण्याचे थेंब टाकून १०-१५ मिनिटं थांबा. खालचा दगड गडद झाला तर तो पाणी पितोय, सीलर लावा. नाही झाला तर कशाला लावताय, घट्ट दगडात सीलर मुरतच नाही, नुसता वर राहतो. काळ्या ग्रॅनाइटमध्ये बरेचदा असंच निघतं. मार्बलवर पण दर काही महिन्यांनी हीच टेस्ट करा, पाणी पुन्हा मुरायला लागलं की सीलर परत मारायची वेळ आली.

निळीशाई: थेंब टाकून बघितले, ग्रॅनाइट जसाच्या तसा! म्हणजे फक्त ओटा. रोज पुसायला काय वापरू?

दगडफूल: न्यूट्रल पीएचचा, म्हणजे ना अ‍ॅसिडिक ना क्षारयुक्त असा साबण आणि मऊ फडकं. टाइल्ससाठी येणारे अ‍ॅसिडवाले क्लीनर मार्बलजवळ फिरकू पण देऊ नका.