मेळघाटाकडं सफारीची जिप्सी न घेता पायी फिरता येते का? नरनाळा का गाविलगड?

पानमळा
नमस्कार मंडळी. आम्ही अंजनगाव सुर्जीकडचे. छतावर चढून उत्तरेकडं पाह्यलं का सातपुडा दिसते, पण आजवर तिकडं गेलो ते चिखलदऱ्याले, पॉइंट पाह्यले, मक्याचं कणीस खाल्लं, वापस. आता डिसेंबरात बहीण-जावई येऊन राह्यले पुण्याहून, दोन पोरं आहेत, एक चौथीत अन् एक सातवीत, आणि सोबत आमचे बाबा. बाबा पासष्टीच्या पुढचे आहेत पण रोज वावरात चालतात त्यामुळे त्यांचं टेन्शन नाही, टेन्शन जावयाचं आहे. ते म्हणतात जिप्सीत बसून धूळ नाही खायची, जंगल पायी पाहू. तिकडं सह्याद्रीत कसं, सॅक टाकली पाठीवर का निघाले. इथं तसं चालते का? वाघाचं काय? एखादा किल्ला, थोडं जंगल, तीन-चार तास चालणं आणि फॉरेस्टवाल्यांनी हाकललं नाही पाह्यजे, अशी जागा सांगा. आणि नरनाळा का गाविलगड तेवढं नक्की सांगाच, घरात त्याच्यावरून दोन पार्ट्या पडल्या आहेत.

अकोटचा_रमता
भाऊ पहिले जावईबापूले समजावून सांगा का हे सह्याद्री नोहे. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, मनात आलं अन् दिसली पायवाट तिच्यानं घुसलं असं इथं होत नाही, अभयारण्यात बिना परवानगीचं शिरलं तर कायद्यानं गुन्हा आहे. पण म्हणून चालणंच बंद आहे असंबी नाही.

माझं मत नरनाळा. अकोटच्या उत्तरेले शहानूर, तिथं फॉरेस्टचं गेट, नाव लिहा, फी भरा, गाईड घ्या. फी अन् टाईम बदलत राह्यते त्यामुळे मी इथं लिहीत नाही, आदल्या दिवशी विचारून घेजा, पायी कुठवर सोडतात तेबी तेव्हाच विचारजा. गाडीरस्ता वरपर्यंत आहे, बहुतेक पब्लिक गाडीतूनच किल्ला "करते" अन् खाली येते. तसं नोका करू. वर गेल्यावर गाडी सोडा अन् पायानं फिरा, किल्ला एवढा पसरला आहे का अर्धा दिवस कसा जाते समजत नाही. मधात नरनाळा, एका अंगाले जाफराबाद, दुसऱ्या अंगाले तेलियागड, असे तीन किल्ले जोडून आहेत.

महाकाली दरवाज्यापाशी मात्र घाई नोका करू. आपल्याकडं सगळीकडं काळा दगड, अन् हा दरवाजा पांढुरक्या वालुकाश्माचा. कमानीच्या अंगानं कमळाची फुलं कोरली आहेत, वर अरबी अक्षरांचा शिलालेख हिजरी ८९२ चा म्हणजे १४८७ च्या आसपासचा, अन् बाजूले सज्जे आहेत त्याले दगडाची जाळी. सकाळचं ऊन त्या जाळीतून आत येते तेव्हा पोरंबी गप होऊन पाह्यतात. पुढं शक्कर तलाव, अन् नऊगजी तोफ, पोरं तिच्यावर चढल्याशिवाय राह्यणार नाहीत, चढू नोका देऊ.

जुनी_पाटी
अकोटकर भाऊंशी भांडण नाही, पण पानमळा तुम्ही अंजनगावचे असून गाविलगड सोडून नरनाळ्याला जाल तर मला वाईट वाटेल. कारण सांगतो. थोडं लांबेल, मास्तर आहे, सवय जात नाही.

१८०३ साली इंग्रज-मराठा दुसरं युद्ध झालं त्याचा शेवट आपल्या ह्या पट्ट्यात झाला. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई (तेल्हाऱ्याकडचं अडगाव, इंग्रजांनी त्याचं अरगाव केलं), १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ ला देवगावचा तह नागपूरकर भोसल्यांशी, आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी तह झाला तो सुर्जी अंजनगावचा. म्हणजे तुमचं गाव. शाळेच्या पुस्तकात आपण हे नाव पाठ करतो आणि आपल्या घरातून दिसणाऱ्या डोंगरावर काय झालं ते कोणी सांगत नाही.

गाविलगडावर लढला तो आर्थर वेलस्ली, पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तोच. तो दक्षिणेकडून, आणि कर्नल स्टीव्हन्सन डोंगराला मोठा वळसा घालून उत्तरेकडून आला, वाट अशी की जड तोफा सैनिकांनी हातानं ओढत नेल्या. आता जमिनीवर हे कसं दिसतं ते ऐका. गडाला बाहेरचा किल्ला आणि आतला किल्ला असे दोन भाग आहेत. तोफांनी बाहेरची भिंत फोडली, इंग्रज आत शिरले, आणि समोर बघतात तर मधे घळ आणि पलीकडं आतल्या किल्ल्याची धडधाकट भिंत. शेवटी कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीनं शिड्या लावून ती भिंत ओलांडली आणि आतून दरवाजा उघडला. भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. तुम्ही त्या दोन भिंतींच्या मधे उभे राहा, पोरांना विचारा तुम्ही कुठून चढले असते. माझ्या वर्गातल्या पोरांना ह्या एका प्रश्नावर तासभर वाद घालताना पाह्यलंय.

आणि गंमत, तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला निजामाकडं, पण गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले भोसल्यांकडंच ठेवले. त्यामुळे तुमच्या घरच्या दोन्ही पार्ट्या तशा एकाच बाजूच्या.

गड मूळ बहामनी अहमदशहानं १४२५ मधे बांधला, नंतर अचलपूरच्या इमादशाहीनं वाढवला. दिल्ली दरवाज्यावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी आणि सिंह कोरलेत, मान वर करून बघा नाहीतर खालून निघून जाल. चिखलदऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर गड आहे, आत सगळं पायीच.

ड्रायव्हर_सीट
गाविलगडाला जायचंच तर शनिवार-रविवार टाळा एवढंच सांगतो. परतवाड्यावरून घाट चढताना सुट्टीच्या दिवशी जे हाल होतात ते पाहून जावई म्हणतील यापेक्षा जिप्सीच बरी होती.

सालई
माझे वडील वनमजूर होते, मीही ह्याच जंगलात वाढले, म्हणून वाघाचं विचारलं त्याचं सांगते. वाघ बहुतेक तुम्हाला दिसणार नाही, तो तुम्हाला पाहून बाजूला होतो. आम्ही घाबरतो ते अस्वलाला. त्याची नजर कमजोर, वारं उलटं असलं तर त्याला तुमचा वास लागत नाही, आणि उदईच्या वारुळात तोंड घालून बसलेलं असलं तर ऐकूही येत नाही, मग एकदम समोरासमोर आलं की दचकून अंगावर येतं. म्हणून झुडपाच्या वळणावर बोलत चाला, गाणी लावू नका पण गप्पा मारा. पहाट आणि दिवस बुडतानाची वेळ सोडून द्यायची, ऊन चांगलं वर आलं की शिरायचं आणि चारच्या आत गेटबाहेर. मार्च-एप्रिलमधे मोहाची फुलं पडतात तेव्हा तर अस्वल अन् माणूस एकाच झाडाखाली येतात, त्या दिवसांत अंधारात फुलं वेचायला जाऊ नका असं आम्ही आमच्याच लोकांना सांगतो.

दुसरं म्हणजे आग्यामोहोळ. जुन्या कमानी, बुरूज, कडे, इथं ते लटकलेलं असतं. सेंट मारून जायचं नाही, बिडी-सिगारेट नाही, पोरांनी दगड मारायचा नाही. हे मी वाघापेक्षा वर ठेवते.

डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, त्याची कुसळं मोज्यात अशी घुसतात की दर दहा पावलाला बसून काढत बसावं लागतं. फुलपँट, आणि मोजे असले तर गुळगुळीत कापडाचे, लोकरीचे नकोत. बाबांना पायताण चालेल म्हणतील ते, ऐकू नका, बूट घाला.

आणि ताई येणार आहेत म्हणून लिहिते, कोणी लिहीत नाही. किल्ल्यावर बाथरूमची सोय धरून चालू नका, गेटवर उरकून घ्या.

मेहकर_लाइन
अंजनगावहून लांब पडेल पण एक मुक्काम काढला तर लोणार. वाघाची भानगड नाही आणि चालणं भरपूर. उल्का पडून झालेलं विवर, व्यास पावणेदोन-एक किलोमीटर, गावातल्या धारेच्या झऱ्यापासून पायऱ्यांनी खाली उतरलं की झाडीतून पायवाट कमळजादेवीपर्यंत जाते, वाटेत पडकी देवळं, मोर, माकडं. तळ्याचं पाणी खारट-क्षारीय, २०२० च्या जूनमधे गुलाबी झालं होतं ते हेच. वर येताना दम निघतो हे बाबांना आधी सांगा. गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका, लोक तळं पाहून परस्पर निघून जातात.

अकोटचा_रमता
मास्तर तुम्ही तर पूरा तासच घेतला 😄 पण अडगाव आमच्या जिल्ह्यातलं, म्हणजे सुरुवात आमची. सालईताईंचं कुसळाचं एकदम खरं. जावयाले जंगल पायीच चालायचं असन तर श्रावणात बोलवा, तिसऱ्या सोमवारी धारगडची यात्रा राह्यते, त्या वेळी महादेवासाठी जंगलातून लोकांचा लोंढा चालते, पाऊस, चिखल, नाले, सगळं. तेव्हा समजन त्याईले सॅक काय असते.

पानमळा
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सध्या असं ठरवतो आहे, मंगळवारी गाविलगड, चिखलदऱ्यात मुक्काम, मधात एक दिवस आराम आणि नंतर नरनाळा. लोणार पुढच्या खेपेला. मास्तरांचं वाचून दाखवलं तर बाबा म्हणाले तह झाला ती जागा आपल्या गावात नक्की कुठं, आणि आता ते पोरांना घेऊन गावातच हिंडायचं म्हणतात. सालईताई, एक राह्यलं, गडावर प्यायचं पाणी मिळते का? तळे आहेत म्हणतात.

सालई
तळ्याचं पिऊ नका. माणशी दोन लिटर सोबत घ्या, पोरांचं वेगळं धरा, आणि रिकाम्या बाटल्या खाली आणा. डबा उघडाल तर माकडांपासून सांभाळून, पिशवीचा आवाज आला की ती येतात. शक्यतो खाणं गेटबाहेर आल्यावरच.

ड्रायव्हर_सीट
मंगळवार चांगला. परतवाड्यातच टाकी फुल करून घ्या, आणि घाट उतरताना गाडी गिअरवरच ठेवा, ब्रेकवर नका उतरवू.