केर्बल स्पेस प्रोग्राम (रॉकेट बांधायचा गेम): उलट्या बायकपलरचा एकच पाय जोडला जातो

कक्षावीर:
वरच्या टाकीखाली टीव्हीआर-२०० बायकपलर (एका रांगेच्या दोन करणारा जोड-पार्ट), त्याला दोन टेरियर इंजिनं. त्यांच्याखाली उलटा बायकपलर, मग टीडी-१२ डीकपलर (टप्पे सुटे करणारा पार्ट) आणि खालचा टप्पा. व्हीएबीमध्ये (रॉकेट जुळवायच्या इमारतीत) सगळं नीट जुळलेलं दिसतं, पण लाँचपॅडवर रॉकेट एका अंगाला कलतं. श्राउडही (इंजिनाभोवतीचं आवरण) एकाच इंजिनाखाली येतं. शिवाय खालची टाकी नोडला (पार्ट जोडायच्या ठरलेल्या बिंदूला) न लागता भलतीकडेच बाजूला चिकटते. उपाय काय?

धूमकेतू_२:
श्राउडवरूनच निदान होतं. गेममध्ये प्रत्येक पार्टला पालक-पार्ट एकच असतो, त्यामुळे फाटलेली रांग खाली पुन्हा एकत्र येऊ शकत नाही. दुसरा पाय नुसता टेकलेला दिसतो, जोड नसतोच.

त्याआधी एक मोठी चूक दुरुस्त करा. डीकपलर उलट्या बायकपलरच्या खाली असेल, तर टप्पा सुटल्यावर तो बायकपलर इंजिनाच्या तोंडाशीच राहील आणि धक्का अडवेल. डीकपलर इंजिनांच्या लगेच खाली हवेत, दोन्हीकडे एकेक. सिमेट्री २ (एकाच वेळी दोन प्रती) ठेवून लावा, डीकपलरवरचा बाण वरच्या दिशेला. मग शिफ्ट आणि एक्स दाबून सिमेट्री १ वर आणा, नाहीतर बायकपलरच्या दोन प्रती एकमेकींत घुसतात. डब्ल्यू दोनदा दाबून बायकपलर उलटा करा आणि एका डीकपलरला लावा. दुसरा पाय दुसऱ्या डीकपलरखाली येईपर्यंत क्यू किंवा ई ने फिरवा.

आता ईएएस-४ स्ट्रट (दोन पार्ट एकमेकांना बांधणारा दांडा). पहिली क्लिक खालच्या टाकीवर, दुसरी वरच्या टाकीवर, सिमेट्री २. स्ट्रटचं वजन पहिल्या क्लिकच्या बाजूला राहतं, म्हणून हाच क्रम. टप्पा सुटताना ते वजन खालीच जातं. मोकळा डीकपलर वेगळा गळून पडेल, त्याने बिघडत नाही.

स्टेजिंगप्रेमी:
टाकीचं सोपं आहे: ऑल्ट धरून ठेवा, म्हणजे ती फक्त नोडलाच लागते. तरी लाल दिसत असेल, म्हणजे गेम जोडू देत नसेल, तर ऑल्ट आणि एफ१२ दाबून चीट्समधलं पार्ट क्लिपिंग (पार्ट एकमेकांत घुसू देणं) चालू करा. एवढं लक्षात ठेवा की ऑफसेट टूलने (की २) पार्ट सरकवला तरी त्याचा पालक बदलत नाही. जवळ आणल्याने जोड तयार होत नाही.

कक्षावीर:
स्ट्रटऐवजी ऑटोस्ट्रट (गेमचा न दिसणारा आपोआप स्ट्रट) चालेल?

धूमकेतू_२:
चालेल. सेटिंग्जमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ट्वीकेबल्स चालू करा आणि खालच्या टाकीच्या ऑटोस्ट्रटला रूट पार्ट (रॉकेटचा मूळ पार्ट) निवडा. हेविएस्ट पार्ट इथे नको. इंधन संपत गेलं की सर्वांत जड पार्ट बदलतो आणि जोड भलत्या जागी जातो. माझं मत मात्र खऱ्या स्ट्रटलाच, कारण तो डोळ्यांना दिसतो आणि कुठून कुठे गेलाय ते तपासता येतं.