आंब्याच्या साइटला स्वतःचा सर्व्हर कशाला?

हापूसवेडा (देवगड)
बागेतून वेळ उरला की मी गावातल्या बागायतदारांच्या आणि दोन होमस्टेंच्या वेबसाइट सांभाळतो. एकूण अकरा. सगळ्या एका शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर आमच्यासोबत इतरांच्याही साइट. पहिल्या वर्षी स्वस्तात मिळालं, नूतनीकरणाला जवळजवळ तिप्पट मागितले. तेही दिले असते. पण एप्रिलात, ऐन पेट्या सुटायच्या दिवसांत, साइट उघडायला पंधरा-पंधरा सेकंद लागायला लागले. सपोर्टवाला म्हणे, 'सर्व्हरवरची दुसरी एक साइट जास्त सीपीयू खातेय.' म्हणजे लग्न शेजाऱ्याकडे आणि पाणी माझ्या नळाचं गेलं.

यंदा मोहोर यायच्या आत क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या स्वतंत्र सर्व्हरवर, जायचं ठरवलंय. ॲमेझॉनचा तो अक्राळविक्राळ पसारा नको, त्याचं बिल वाचायलाच सीए लागतो. डिजिटलओशन, लिनोड, व्हल्टर या कंपन्या, नाहीतर ॲमेझॉनचंच सुटसुटीत लाइटसेल. महिन्याचा दर आधीच ठरलेला, पाच ते सात डॉलरांत एक जीबी रॅमचा सर्व्हर, मिनिटभरात चालू. डिजिटलओशनचं डेटा सेंटर बंगळुरूत आहे, बाकीच्या तिघांचं मुंबईत. दहा-बारा छोट्या साइट असतील तर शेअर्ड होस्टिंग म्हणजे पैसे मोजून मनस्ताप, असं माझं स्पष्ट मत. पटत नसेल त्यांनी बोला.

टर्मिनलवाला (रत्नागिरी)
शंभर टक्के पटलं. फक्त ५१२ एमबीच्या सर्वांत स्वस्त सर्व्हरच्या मोहात पडू नका. मी पडलो होतो. वर्डप्रेस (साइट चालवणारा प्रोग्राम) आणि मायएसक्यूएल (त्याचा डेटाबेस) त्यात कसेबसे मावतात, पण एकदम वीस माणसं आली की रॅम संपते आणि लिनक्स सगळ्यात जाडजूड प्रोसेस मारून टाकतो. ती नेमकी मायएसक्यूएल असते. मग साइटवर फक्त 'डेटाबेसशी संपर्क होत नाही' एवढी एकच ओळ. एक जीबी घ्या, वर एक-दोन जीबीची स्वॅप फाइल करा, म्हणजे रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा. हंगाम संपला की जूनमध्ये सर्व्हर बंद करून ठेवा, मार्चमध्ये परत चालू. शेअर्डवाला देईल का ही सोय?

खाडीपलीकडे (गुहागर)
टर्मिनलवाला, बंद ठेवून पैसे वाचतात हे कुणी सांगितलं तुम्हाला? डिजिटलओशनवर सर्व्हर नुसता पॉवर ऑफ केला तर बिल चालूच राहतं, कारण जागा तुमच्या नावाने अडकलेली असते. बिल थांबवायचं तर स्नॅपशॉट (सर्व्हरची पूर्ण प्रत) काढून सर्व्हर डिलीटच करावा लागतो. आणि पावसात बागेची साइट बंद ठेवणार? जूनमध्येच तर लोक कलमं विचारत येतात.

आता मुद्दा हापूसवेड्यांचा. तुमचा राग रास्त आहे, पण तो त्या एका होस्टिंगवाल्यावर काढा, सगळ्या शेअर्डवर नको. तिथे जे काम दुसरं कुणीतरी करत होतं ते आता तुमच्या गळ्यात येणार. नवा सर्व्हर चालू केल्यावर तासाभराने लॉगिनचा लॉग उघडून बघा. रूटचा (सर्व्हरच्या मुख्य खात्याचा) पासवर्ड चुकल्याच्या ओळींवर ओळी दिसतील, साइटचं नावही अजून जोडलेलं नसताना. कुलूप लावायच्या आधीच कडी वाजवणारे हजर.

माझीच फजिती सांगतो. एका रिसॉर्टवाल्याची साइट मी अशाच सर्व्हरवर हलवली. पळायला लागली, मालक खूश. पुढे तीन आठवडे फॉर्मवरून एकही चौकशी नाही. मालक म्हणाले, मंदी आहे. मंदी कसली, फॉर्मचे मेल सर्व्हरच्या बाहेरच पडत नव्हते! स्पॅम रोखायला बऱ्याच कंपन्या नव्या सर्व्हरवरून मेल पाठवायचं २५ नंबरचं पोर्ट, म्हणजे बाहेर पडायचं दार, बंद ठेवतात. ते मला माहीत असायला हवं होतं, नव्हतं. शेअर्डवर हा प्रश्नच आला नसता. तीन आठवड्यांच्या बुकिंगपुढे पाच डॉलर म्हणजे काय हो?

हापूसवेडा
मेलचा मुद्दा मान्य, माझ्या यादीत तो नव्हता. मेल पाठवायची वेगळी सेवा घेऊन तिच्या एपीआयने, म्हणजे त्या पोर्टाऐवजी वेबच्या वाटेने, पाठवीन. बाकीचं मात्र तुम्ही फार फुगवून सांगताय. पासवर्डने लॉगिन बंद, फक्त की (किल्लीसारखी गुप्त फाइल) ठेवायची. सुरक्षेचे अपडेट आपोआप होतील असं सेटिंग असतं. लेट्स एन्क्रिप्टचं सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र नव्वद दिवसांचं असलं तरी सर्टबॉट हा प्रोग्राम स्वतःच नवं करून घेतो. एक रविवार घालवला की झालं.

खाडीपलीकडे
एक रविवार सगळेच घालवतात. मी दुसऱ्या वर्षाच्या रविवारांबद्दल बोलतोय.

निवांत_निवास (हर्णै)
मला यातलं फार कळत नाही, पण बिल मीच भरते म्हणून बोलते. आमचा होमस्टे आहे. भाच्याने परदेशी कंपनीकडे साइट टाकून दिली आणि तो नोकरीला गेला. दर महिन्याला कार्डातून आपोआप पैसे जायचे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप वळत्या होणाऱ्या पैशांचे नियम बदलले आणि आमचं कार्ड नाकारलं जाऊ लागलं. आठवणीचे मेल भाच्याच्या जुन्या पत्त्यावर. दिवाळीच्या आठवड्यात साइट गायब! पर्यटक फोनवर विचारतात, 'बंद केलंत का?'

तेव्हापासून मी एकच बघते: रुपयात बिल, यूपीआयने वर्षाचे पैसे एकदम, आणि फोन केला तर मराठी नाहीतर हिंदी बोलणारा माणूस. वेग वगैरे नंतर. हापूसवेडा दादा, तुमच्या त्या अकरा जणांची बिलं कुणाच्या कार्डावर जाणार?

हापूसवेडा
माझ्या. ताई, खरं सांगायचं तर हा विचार केला नव्हता.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)
दोन्ही पक्ष एका गोष्टीवर भांडताय जी मुळात लागतच नाही. बागेच्या साइटवर असतं काय? फोटो, पेटीचे आकार, नकाशा, फोन नंबर. याला वर्डप्रेस कशाला, डेटाबेस कशाला? साध्या एचटीएमएल फाइली करा आणि क्लाउडफ्लेअर पेजेसवर ठेवा. फुकट, कितीही लोक आले तरी डेटाचं बिल नाही, आणि फोडायला आत सर्व्हरच नाही. गिटहब पेजेसही फुकट आहे, पण ऑनलाइन दुकान चालवायला ते वापरू नका असं त्यांच्याच नियमांत आहे. व्हर्सेलची फुकट योजनाही धंद्यासाठी नाही.

बॅकअपबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून आणखी एक. २२ जुलै २०२१ ला आमच्या दुकानात छातीभर पाणी होतं. कॉम्प्युटर गेला. साइटचा बॅकअप पेन ड्राइव्हवर होता, आणि पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात. साइट दूर कुठेतरी होती म्हणून वाचली. पण क्लाउडसुद्धा शेवटी कुठल्यातरी इमारतीतलं मशीनच. त्याच वर्षी १० मार्चला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं, ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती त्यांचा डेटा गेला तो गेलाच. डिजिटलओशनवर आठवड्याच्या बॅकअपला सर्व्हरच्या दराच्या वीस टक्के जास्त पडतात, तो आपोआप चालू होत नाही, आपण टिक करावी लागते. फाइली असल्या की सगळी साइट फोनमध्येसुद्धा मावते.

हापूसवेडा
आणि दर? एप्रिलात पेटीचा दर दोन दिवसांआड बदलतो. आमचे काका सत्तरीचे आहेत. वर्डप्रेसचं ॲप उघडून फोनवरून आकडा बदलतात, आंब्याखाली उभे राहून. त्यांना गिट (फाइलींतले बदल चढवायचं प्रोग्रामरांचं साधन) शिकवू?

वाशिष्ठीकाठ
दर गूगल शीटमध्ये ठेवा, पान तिथून वाचेल. काका शीट उघडून आकडा बदलतील. किंवा दर साइटवर टाकूच नका, 'आजचा दर व्हॉट्सॲपवर विचारा' असं बटण द्या. गिऱ्हाईक तसंही घासाघीस करायला फोन करतंच.

टर्मिनलवाला
शीट म्हणजे पुन्हा एक जुगाड. एका सर्व्हरवर अकरा वर्डप्रेस बसत असताना अकरा ठिकाणी अकरा ठिगळं कशाला?

मालवणी_माणूस (तारकर्ली)
मेल्यांनो, सर्व्हर सर्व्हर करून डोक्याक ताप! आधी फोटो बघा. गेल्या महिन्यात एका दोस्ताची साइट 'स्लो' म्हणून माझ्याकडे आली. पहिल्याच पानावर मोबाइलने काढलेले ३८ फोटो, प्रत्येकी चार एमबी. दीडशे एमबीचं पान! घाटात एक काडी नेटवर्क असलेल्या माणसाने ते उघडायचं कधी? सर्व्हर मुंबईत असो की अमेरिकेत, फरक सेकंदाच्या काही अंशांचा पडतो. फोटो बाराशे पिक्सेलचे वेबपी (हलक्या फोटोंचा प्रकार) केले, पान पाच एमबीवर आलं. होस्टिंग तेच, वर्षाचे तेच पैसे.

खाडीपलीकडे
हे मात्र लाख बोललात.

हापूसवेडा
काल रात्री अकराच्या अकरा साइट उघडून बसलो. आमच्या स्वतःच्याच पानावर २६ फोटो, सगळे मूळ आकाराचे. एप्रिलच्या पंधरा सेकंदांतले किती शेजाऱ्याचे आणि किती माझे, आता कुणास ठाऊक.

आणखी एक दिसलं. अकरापैकी सात साइटवर गेल्या हंगामापासून एक अक्षर बदललेलं नाही. त्या साध्या फाइली करून क्लाउडफ्लेअरवर टाकतो, वाशिष्ठीकाठ जिंकले समजा. दोन बागा आणि दोन होमस्टे उरतात. त्यांना रोज हात लागतो, त्यांच्यासाठी मुंबईत एक जीबीचा एकच सर्व्हर घेतोय, बॅकअपला टिक करून. खाडीपलीकडे, तुम्ही नाही म्हणणार हे गृहीत आहे. बिल चौघांत वाटून आगाऊ घेईन.

खाडीपलीकडे
नाही म्हणतोच. पण घेतलातच, तर मार्चमध्ये ताकद वाढवताना, कंपनी तशी सोय देत असेल तर, फक्त सीपीयू आणि रॅम वाढवा. डिस्क एकदा मोठी केली की बऱ्याच ठिकाणी जूनमध्ये लहान होत नाही.

निवांत_निवास
आणि पासवर्ड अजून एकाकडे देऊन ठेवा हो. आमच्या भाच्याचा फोन आजही लागत नाही.