वडील फील्डवर, लेक पाचवीत: सातारा, बेळगाव की नवोदय?

औशाची वहिनी:
नमस्कार. मिस्टर आर्मीत हवालदार आहेत, सध्या जम्मूकडं फील्डवर, म्हणजे कुटुंब सोबत ठेवता येत नाही अशा ठिकाणी. मी लेकीला घेऊन सासरी, औसा तालुक्यात राहते. तिची पहिली-दुसरी पठाणकोटला केंद्रीय विद्यालयात झाली, तिसरीपासून गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. आता पाचवीला आहे. गणित तिच्या आवडीचं, पण दुसरीनंतर इंग्रजी पार मागं पडलंय. ह्यांना पुढं पीस, म्हणजे कुटुंब नेता येईल असं स्टेशन मिळालं तर क्वार्टर मिळेल, सगळे तिकडं जाऊ. पण दोन-तीन वर्षांनी परत बिऱ्हाड उचलायचं आलंच. मला वाटतं सहावी ते बारावी तिची शाळा एकच असावी. सातारा सैनिक स्कूल, बेळगावचं मिलिटरी स्कूल, नवोदय अशी नावं ऐकतेय. सासूबाई म्हणतात, पोरीला एवढ्या लांब कशाला. कुणी लेकरू ठेवलं असेल तर मोकळेपणानं सांगा.

माजी सुभेदार, अंबाजोगाई:
ताई, आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. आपल्याकडं जिल्ह्याजिल्ह्यांत संस्थांनी चालवलेल्या 'सैनिकी शाळा' आहेत, त्यांना मान्यता राज्य सरकारची. संरक्षण मंत्रालयाची सोसायटी स्वतः चालवते ते सैनिक स्कूल वेगळं. ते आपल्या राज्यात साताऱ्याला, 1961 पासूनचं, देशातलं पहिलं. दुसरं चंद्रपूरचं, 2019 चं. बोर्डावर 'सैनिकी' दिसलं म्हणून कुठंही पैसे भरू नका. शेजारच्या तालुक्यातल्या एका जवानानं वर्षभर फी भरली आणि मग त्याला कळलं की आपल्या लेकरानं सैनिक स्कूलची अखिल भारतीय प्रवेश परीक्षा दिलेलीच नाही.

आता तुमच्या लेकीचं. सैनिक स्कूलची प्रवेश परीक्षा सहावीला आणि नववीला असते. सहावीचा पेपर मराठीतून देता येतो. नववीचा फक्त इंग्रजीतून. म्हणून मराठी शाळेतल्या लेकरानं सहावीलाच बसावं, असं मी प्रत्येकाला सांगतो. 300 गुणांतले 150 एकट्या गणिताचे, तेव्हा तुमची लेक तिथं कमी पडणार नाही. बाकीचे गुण भाषा, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्तेचे. वय प्रवेशाच्या वर्षी 31 मार्चला 10 ते 12 मध्ये बसायला हवं. मुलींना 2021-22 पासून सगळ्या सैनिक स्कूलांत प्रवेश आहे. आत गेल्यावर शिकवणं मात्र इंग्रजीतून होतं. आत्तापासून रोज अर्धा तास तिच्याकडून इंग्रजी वाचून घ्या.

बेळगावचं राष्ट्रीय मिलिटरी स्कूल जवानांच्या लेकरांसाठी फार मोलाचं. तिथं 70 टक्के जागा जवान आणि जेसीओंच्या (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) लेकरांना आहेत. पण त्या परीक्षेत इंग्रजीचा वेगळा पेपर असतो. आज तो तिला जड जाईल, तरी फॉर्म भरा.

आणि सगळ्यात आधी तुमच्या मिस्टरांना फोन करून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या रेकॉर्डला कुटुंबाची नोंद करणारा कागद, बघायला सांगा. लेकीचं नाव आणि जन्मतारीख तिथं, आधारवर आणि शाळेच्या रजिस्टरला अक्षर न् अक्षर सारखी पाहिजे. डिफेन्स कोट्यासाठी युनिटचं सर्टिफिकेट लागतं. फील्डवरून कागद यायला वेळ लागतो. दुरुस्ती निघाली तर आणखी. अभ्यासात हुशार लेकरं ह्या कागदापायी मागं राहिलेली मी बघितलीत.

सासूबाईंना सांगा, 2025 च्या मेमध्ये एनडीएतून, म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, पहिल्या 17 मुली पास आऊट झाल्या. पोरीला लांब ठेवायची भीती खरी आहे, मी तिला खोटं म्हणणार नाही. पण फौजेच्या दारात आता पोरी उभ्या आहेत.

जि. प. शिक्षिका, लातूर:
सुभेदार काकांच्या म्हणण्यात नवोदयचं राहिलं. वहिनी, जिल्ह्यातली ही केंद्र सरकारची निवासी शाळा, सगळ्यात जवळची वाट. राहणं, जेवण, पुस्तकं मोफत. परीक्षा मराठीतून, 80 प्रश्न, दोन तास. जागा प्रामुख्याने ग्रामीण लेकरांना, आणि किमान एक तृतीयांश मुलींना. फौजी कोटा इथं नाही. पण एक अट तुमच्यासाठी फार महत्त्वाची आहे: लेकरू पाचवीला त्याच जिल्ह्यात शिकत असावं लागतं, आणि ग्रामीण जागेसाठी तिसरी-चौथीही गावातल्याच शाळेत झालेली असावी. तुमच्या लेकीचं हे सगळं जमतंय. क्वार्टर मिळालं म्हणून पाचवीच्या मध्येच तिला तिकडं हलवलं तर ही संधी गेली, आणि नवोदयची परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही. पाचवी संपेपर्यंत गाव सोडू नका. नवोदय आणि सैनिक स्कूल, दोन्ही परीक्षांचं गणित बरंचसं सारखं आहे, तयारी एकच पुरते.

लेक साताऱ्यात, परभणी:
माझा मुलगा तिथं आहे म्हणून सांगते. पहिलं सत्र जड जातं. घरी फोन ठरलेल्या वेळीच. आईचा जीव तुटतो, आणि लेकरू फोनवर मुद्दाम कमी बोलतं. पण मित्र झाले की ते रुळतं. आमच्या ह्यांची मधेच बदली झाली तेव्हा माझ्या लेकाचा एकही तास बुडाला नाही, ना भाषा बदलली, ना पुस्तकं. त्यासाठीच तर ठेवलं होतं.

तुम्ही लेकीला विचारलंय का? तुमच्या पोस्टमध्ये तुमचं, ह्यांचं, सासूबाईंचं आलं, तिचं नाही आलं. सुट्टीत तिला घेऊन शाळा दाखवून आणा. दहा वर्षांच्या पोरीला पुष्कळ कळतं. तिनं ठाम नाही म्हटलं तर लातूरला घर करून दोघी राहा, त्यातही काही कमीपणा नाही.

औशाची वहिनी:
विचारलं आत्ताच. म्हणाली, 'पप्पा पण लांबच राहतात की. मी राहीन, पण मैदान मोठं पाहिजे.' सासूबाई ऐकत होत्या, काही बोलल्या नाहीत. खर्चाचं सांगा, साताऱ्याची फी वर्षाला लाखाच्या वर ऐकते. नवोदय लागलं नाही तर झेपेल का?

युनिट क्लार्क, सध्या ड्यूटीवर:
वहिनी, हिशेब देतो. 1 जानेवारी 2024 पासून मुलांचा शिक्षण भत्ता महिन्याला 2812 रुपये 50 पैसे. हॉस्टेल सबसिडीची कमाल मर्यादा महिन्याला 8437 रुपये 50 पैसे. दोन्ही एकाच लेकरासाठी मागता येतात. वर्षाचे जास्तीत जास्त 1,35,000 होतात. अट अशी की निवासी शाळा राहत्या घरापासून किमान 50 किलोमीटरवर हवी, सातारा त्यात बसतं. हॉस्टेलचे पैसे प्रत्यक्ष खर्चाइतकेच मिळतात, म्हणून राहण्या-जेवणाचा आकडा वेगळा लिहिलेला दाखला शाळेकडून घ्या. नुसती एकत्र फीची पावती दिली तर क्लेम अडकतो. पैसे वर्ष संपल्यावर मिळतात, पहिल्या वर्षाची फी आधी स्वतःची भरावी लागेल. तेवढं आत्तापासून बाजूला टाका.

औशाची वहिनी:
सगळ्यांचे आभार. ह्यांचा फोन रात्री येतो, पार्ट टू ऑर्डरचं आजच बोलते. नवोदय आणि सैनिक स्कूल दोन्ही फॉर्म भरणार, बेळगावचाही. सुभेदार काका, अधिवासाचा दाखला तहसीलमधून माझ्या नावावर काढू की ह्यांच्या?

माजी सुभेदार, अंबाजोगाई:
लेकीच्याच नावावर काढा ताई. सेतू केंद्रात तिचा जन्मदाखला, बोनाफाईड, रेशन कार्ड आणि तिच्या वडिलांची टीसी घेऊन जा. आणि लवकर जा, जूनमध्ये तिथं मोठी रांग असते.