अनुभव धागा: फुल्टन चेन, आठ तळी आणि एक कनू

काल गॅरेज आवरताना लाइफ जॅकेटांची पिशवी उघडली. त्या कुबट वासाबरोबर अख्खं ओल्ड फोर्ज डोळ्यांपुढे आलं. न्यू यॉर्कच्या उत्तरेला अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगरात ओल्ड फोर्ज गावापासून सुरू होणारी फुल्टन चेन ही आठ तळ्यांची माळ आहे. नावं काय, तर फर्स्ट लेक, सेकंड लेक, थर्ड लेक... बारशाला आत्याच नव्हती बहुतेक.

२०१३ चा जून, आम्ही दोघं, भाड्याची कनू. पहिली चार तळी एकमेकांत उघडतात, तोवर मजाच. पाचव्यानंतर पाणी संपतं आणि होडी डोक्यावर. तिकडे याला 'कॅरी' म्हणतात. अर्धाच मैल, पण उलटी कनू डोक्यावर असली की दिसतात फक्त स्वतःचे बूट. मी "डावीकडे" म्हणाले ते माझं डावं, ह्याने घेतलं स्वतःचं. होडीचं नाक धाडकन झाडावर. पुढचा तासभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

तुमचे अनुभव लिहा. फुल्टनचेच हवेत असं नाही.

चिंचगुळ: आमचंही भांडण झालं, पण चौथ्या तळ्यावर. मागे बसणाऱ्याने दिशा सांभाळायची की पुढच्याने, यावर. उत्तर: मागच्याने. हे घरी आल्यावर कळलं.

टेकडीवरचा: आम्हाला कुणी सांगितलंच नाही, मे अखेर तिकडे जायचं नसतं! ब्लॅक फ्लाय! डास चावतो ते निदान कळतं. ही माशी कानामागे चावते आणि हात लावला की रक्त. बायकोने ओढणी तोंडाला गुंडाळली होती, फोटोत स्कूटीवरून निघाल्यासारखी दिसते.

धागाकर्ती: @टेकडीवरचा 😂 स्कूटी!

नकाशावेडा: स्टीमबोटवाल्या रॉबर्ट फुल्टनवरून हे नाव. पुढे रॅकेट लेकच्या पलीकडे मॅरियन रिव्हर कॅरी आहे. तिथे होडीवाल्यांसाठी एकेकाळी रेल्वे होती, लांबी मैलभरसुद्धा नाही! बसून डबा उघडेस्तोवर स्टेशन यायचं असणार. आणि हौशींसाठी, ओल्ड फोर्जपासून मेन राज्यातल्या फोर्ट केंटपर्यंत ७४० मैलांचा होडीमार्ग आहे.

चिंचगुळ: ७४०?? माझे खांदे आत्ताच दुखले.

मुक्काम_पोस्ट: आठव्यानंतरची मैलभराची कॅरी आणि मग ब्राउन्स ट्रॅक्ट. ओढा कसला, जिलबी आहे ती. समोरचा पाइन एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग पाठीमागे, झाड तेच. मध्ये बीव्हर नावाच्या प्राण्याने बांध घातलेला. उतरून होडी वरून ओढली, एक पाय मांडीपर्यंत चिखलात. चप्पल तिथेच राहिली, बीव्हरने लावली असेल बांधाला.

सई_बे: आम्ही लीन-टूमध्ये झोपलो होतो, म्हणजे तीन भिंती आणि छप्पर, समोरची बाजू उघडी. मध्यरात्री तळ्यावरून कुणीतरी गळा काढून रडलं. सासूबाई उठून बसल्या, रामरक्षा सुरू. सकाळी कळलं, लून पक्षी. आता त्या फोनवर दर वेळी विचारतात, "तो रडका पक्षी आला होता का गं?"

टेकडीवरचा: सासूबाईंना कनूत बसवलंत? _/\_

सई_बे: मध्ये, उशीवर. मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. वल्हं मारणाऱ्याला दर अर्ध्या तासाने एक पुरी, त्यामुळे वेग चांगला राहिला.

कोयनाकाठ: कनू कधी नाही, पण बामणोलीला कोयनेच्या शिवसागर जलाशयात लाँचमधून गेलोय. वल्हं मारायला नको, हा मुख्य फायदा.

चिंचगुळ: बामणोलीवर वेगळा धागा काढा की, डिसेंबरात जायचंय आम्हाला. राहायची सोय कशी आहे?

कोयनाकाठ: विपूत (विचारपुशीत) लिहितो.

धागाकर्ती: सई, त्या पुऱ्या किती दिवस टिकल्या? आणि जॅकेटांचा वास घालवायला काय करू? दोन दिवस उन्हात आहेत, ढिम्म फरक नाही.

मुक्काम_पोस्ट: बादलीत कोमट पाणी, त्यात वाटीभर व्हिनेगर. पिळायचं नाही, नुसतं निथळत ठेवायचं. माझ्या उरलेल्या एका चपलेवर करून पाहिलंय.

सई_बे: चार दिवस. मोहन गरम घाला.