पॅच नव्हे, धूर औषधाची पातळी बदलतो

निकोटिनमुळे स्किझोफ्रेनियावरील औषधांचा परिणाम घटतो, म्हणून धूम्रपान सोडताना त्वचेवर लावायचा निकोटिनचा पॅचही टाळावा, असे म्हटले जाते. त्यात एक दुरुस्ती आवश्यक वाटते. क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही स्किझोफ्रेनियावरील औषधे मुख्यतः यकृतातील सीवायपी१ए२ या विकरामुळे (एन्झाइममुळे) विघटित होतात, आणि त्या विकराचे प्रमाण वाढते ते तंबाखूच्या धुरातील हायड्रोकार्बनांमुळे, निकोटिनमुळे नव्हे. म्हणूनच धूम्रपान करणाऱ्याला बहुधा अधिक मात्रा लागते. मोठा धोका मात्र उलट बाजूने येतो: रुग्णालयात दाखल झाल्यावर सिगारेट एकाएकी बंद होते, आठवडाभरात विकराचे प्रमाण उतरते आणि गोळी तीच असूनही क्लोझापिनची रक्तातील पातळी दीडपट किंवा त्याहून अधिक होऊ शकते. दिवसभराची गुंगी, उशी भिजेल इतकी लाळ, क्वचित आकडीसुद्धा, ही लक्षणे घरच्यांना आजाराचीच वाटतात, याचे फार वाईट वाटते. सिगारेट सोडण्याआधीच मनोविकारतज्ज्ञांना सांगावे आणि मात्रा त्यांनाच ठरवू द्यावी.

निकोटिनने लक्ष काही काळ एकाग्र होते, हे रुग्ण सिगारेट ओढण्याचे एक कारण आहे. रिकामा, एकाकी दिवस हेही तितकेच खरे कारण. पण म्हणून ‘तेवढे तरी सुख राहू द्या’ हे मला मान्य नाही, कारण या रुग्णांचे आयुष्य घटण्यात हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ईगल्स’ चाचणीत, प्रकृती स्थिर असलेल्या मनोरुग्णांमध्येही व्हॅरेनिक्लिन या धूम्रपान सोडण्यासाठीच्या औषधामुळे मानसिक दुष्परिणाम लक्षणीयरीत्या वाढले नाहीत, आणि सिगारेट सोडण्यास त्याची मदत झाली.