परदेशी शिकायला गेलं की मूल आपोआप स्वतंत्र होतं?

अर्धवट_प्रवासी
परवा एका पालकांची पोस्ट वाचली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. म्हणणं असं, की मुलाला बाहेर शिकायला पाठवा, वर्षभरात तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. स्वयंपाक करतो, कपडे धुतो, घरी कधी जमलं नाही ते तिकडे आपोआप जमतं. त्याच पोस्टमध्ये चार ओळी खाली: विद्यापीठाच्या पोर्टलचा पासवर्ड आमच्याकडे आहे, विषय कुठले घ्यायचे ते आम्ही बसून ठरवतो, फोनचं लोकेशन कायम चालू असतं. खाली सगळे वाहवा करतायत.

मी मास्टर्स बाहेर केलं आणि नंतर नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या गटात होतो. कपडे धुणारी मुलं भरपूर पाहिली. पण स्वतःच्या व्हिसावरच्या अटी वाचलेली मुलं फार कमी. अर्ज एजंटने भरलेला, त्यात ईमेल एजंटचा, घर आईवडिलांच्या ओळखीतून मिळालेलं. ब्रिटनमध्ये एकजण घरपोच डिलिव्हरी करत होता. आठवड्याला 20 तासांच्या आत आहे ना, मग चालतं, अशी त्याची पक्की समजूत. स्टुडंट व्हिसावर तिथे स्वयंरोजगार मुळात चालतच नाही, आणि त्या कंपनीच्या करारात तो स्वयंरोजगारी होता. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण विचारायची वेळच त्याच्यावर कधी आली नव्हती. भांडी घासता येणं म्हणजे स्वतंत्र होणं नव्हे. आपल्या नावावरचा कागद आपण वाचणं, निर्णय आपण घेणं आणि तो चुकला तर आपण निस्तरणं, हे जोवर होत नाही तोवर ते मूल फक्त लांब राहतंय.

खिडकीतली
अजिबात पटलं नाही. लांब राहण्याला तुम्ही इतकं क्षुल्लक समजता, कारण तुम्हाला घरात कधी कुणी अडवलं नसणार. माझ्या घरी मी कुठे निघाले, कुणाबरोबर, परत कधी येणार, याची उत्तरं दिल्याशिवाय चप्पल पायात घालता येत नव्हती. बाहेर शिकायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात मी एकटी डॉक्टरकडे गेले. साधीच तपासणी होती. पण आत कुणी सोबत आलं नाही आणि बाहेर आल्यावर कुणी विचारलं नाही. पैसे बाबांचेच होते, अर्जसुद्धा एजंटनेच भरला होता. तरी त्या दिवशी माझं आयुष्य माझ्या हातात आलं. तुमच्या व्याख्येत मी बसत नसेन तर व्याख्या बदला.

कर्जदार_बाप
मूळ लेखकाला एकच प्रश्न. शैक्षणिक कर्जावर सहकर्जदार म्हणून सही माझी आहे. मुलगा नापास झाला, शिक्षण सोडून आला, तरी हप्ते मलाच भरायचेत. मग निकाल बघायचा हक्क मला का नसावा? पासवर्ड माझ्याकडेही आहे. लोकेशनही चालू आहे. यात लपवण्यासारखं काय आहे? मुलाचीही तक्रार नाही.

काउंटर_पलीकडे
मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या कार्यालयात काम करते, म्हणून लिहिते. तिथे 1974 चा फेर्पा कायदा आहे. विद्यार्थी 18 वर्षांचा झाला किंवा त्याआधीच कॉलेजात दाखल झाला, की त्याच्या नोंदींवरचे हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातात. आरोग्य किंवा सुरक्षिततेचं संकट असे काही अपवाद आहेत, पण फी भरणारा बाप हा काही अपवाद नाही. रोज फोन येतात, 'आम्ही पैसे भरतो, गुण सांगा.' आम्ही म्हणतो, मुलाची लेखी संमती आणा. त्यावर लोक जे चिडतात! आणि मग मुलाचा पासवर्ड वापरून आत शिरतात. काका, तुमचा मुलगा कुठल्या देशात आहे माहीत नाही, पण दुसऱ्याच्या नावाने लॉगिन करणं बहुतेक विद्यापीठांच्या नियमांत बसत नाही. पकडलं गेलं तर खुलासा तुम्हाला नाही, त्याला द्यावा लागेल.

कर्जदार_बाप
कायदा आम्हाला शिकवू नका. कायद्याने हप्ता भरला जात नाही.

अर्धवट_प्रवासी
काका, मुलाची तक्रार नाही म्हणता. तक्रार करायची सोय तरी त्याला ठेवली आहे का? खर्च तुमचा, पासवर्ड तुमच्याकडे, तो कुठे आहे ते तुम्हाला दिसतंय. अशा स्थितीत कुठलं मूल 'नको' म्हणेल?

कर्जदार_बाप
तुम्हाला मुलं आहेत का?

अर्धवट_प्रवासी
त्याचा इथे काय संबंध?

दोन_मुलींची_आई
संबंध आहे. माझी धाकटी बाहेर शिकत असताना खोलीत चक्कर येऊन पडली. फोन उचलत नव्हती. लोकेशन खोलीवरच स्थिर दिसत होतं, म्हणून मी तिच्या घरमालकिणीला कळवलं आणि दार उघडून घेतलं. ते बंद असतं तर मी काय केलं असतं, याचा विचार अजून रात्री झोपू देत नाही. तुमचे हक्कबिक्क मला सांगू नका.

खिडकीतली
ताई, मुलगी सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. पण याच लोकेशनने माझा छळ झालाय. मी ग्रंथालयातून उशिरा निघाले की फोन. वेगळ्या रस्त्याने गेले की फोन. शेवटी मी फोन खोलीवर ठेवून बाहेर पडायला लागले, म्हणजे ज्या सुरक्षेसाठी हे सगळं होतं तीच गेली. एकदा रात्री शेवटची बस चुकली तेव्हा हातात फोनच नव्हता. लक्ष ठेवल्याने मी सुरक्षित झाले नाही, खोटं बोलायला शिकले.

दोन_मुलींची_आई
तुमच्या घरचे जास्तच ताणत होते, हे मान्य करते. सगळे तसे नसतात.

रात्रपाळी
कालपासून वाचतोय. लोकेशन, पासवर्ड... ज्यांच्या घरून पैसे येतात त्यांच्याच गप्पा चालल्यात. मी जर्मनीत शिकलो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवलेलं खातं, दाखवावं लागतं. सप्टेंबर 2024 पासून ती रक्कम वर्षाला 11,904 युरो आहे, आणि खात्यातून महिन्याला 992 युरोच निघतात. माझ्या वेळी रक्कम कमी होती, तीही नातेवाइकांकडून उसनी घेतलेली. त्यामुळे महिन्याला हातात आलेल्या पैशातून आधी उधारी फेडायची आणि पोट गोदामातल्या रात्रपाळीवर चालवायचं. मला विचाराल तर पैसा स्वतः कमवल्याशिवाय माणूस स्वतंत्र होत नाही. बाकी सगळं बोलणं आहे.

खिडकीतली
म्हणजे ज्यांना काम मिळालं नाही किंवा करता आलं नाही ते सगळे परावलंबी? माझ्या लॅबचं वेळापत्रकच असं होतं की बाहेर काम शक्य नव्हतं. आणि कामाच्या तासांवर सरकारचीच मर्यादा आहे. कॅनडात सत्र चालू असताना आठवड्याला 24, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला 48. त्यात फी निघत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. रात्रपाळी करून सकाळच्या लेक्चरला डुलक्या घेणारी मुलं मी पाहिलीत. त्यांची विषय नापास व्हायची वेळ आली, तेव्हा ते कमावतात म्हणून कुणी कौतुक केलं नाही.

रात्रपाळी
डुलक्या मीही घेतल्यात. एक विषय त्यातच राहिला. तरी त्या नोकरीने जे दिलं ते पदवीने दिलं नाही, यावर मी ठाम आहे. फी निघत नाही, एवढं कबूल.

काउंटर_पलीकडे
लोकेशनबद्दल एक सुचवते. आपत्कालीन संपर्क म्हणून पालकांचं नाव विद्यापीठाकडे नोंदवता येतं. शिवाय मुलाशी दोन दिवस संपर्क झाला नाही तर वसतिगृहाला किंवा विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाला फोन करून 'खोलीवर जाऊन बघा' म्हणता येतं. ते जातात. त्यासाठी बाकीचे सगळे दिवस नकाशावर ठिपका बघत बसायची गरज नाही.

कर्जदार_बाप
हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ठीक आहे. लोकेशनचं मुलाला विचारतो, तो बंद कर म्हणाला तर करेन. पण सत्राचा निकाल मी मागणार. सही केली आहे.

अर्धवट_प्रवासी
मागा की. कर्जात तुमची सही आहे, तेव्हा निकाल विचारायचा हक्क मला मान्य करावाच लागेल. फक्त तो त्याने पाठवू दे, तुम्ही आत शिरून बघू नका.

रात्रपाळी
एजंटच्या ईमेलचा मुद्दा सुरुवातीला आला आणि त्यावर कुणीच बोललं नाही. माझ्या मते सगळ्यात घातक तोच आहे, कारण विद्यापीठाची उत्तरं मुलाला न दिसता एजंटकडे जातात. 2023 मध्ये कॅनडात भारतीय विद्यार्थ्यांवर देशाबाहेर काढले जाण्याची वेळ आली होती, कारण एजंटने दिलेली प्रवेशपत्रं, म्हणजे संस्थेने प्रवेश दिल्याची पत्रं, बनावट निघाली. आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं ती मुलं सांगत होती. त्या वर्षी 1 डिसेंबरपासून तिथलं सरकार प्रत्येक प्रवेशपत्र थेट संस्थेकडून तपासून घ्यायला लागलं. माझा भाचा आत्ता अर्ज करतोय, आणि विचारलं तर म्हणतो, लॉगिन एजंटकडे आहे.

अर्धवट_प्रवासी
त्याला म्हणावं, एजंटकडून अर्जाची पूर्ण प्रत आजच मागून घे, आणि प्रवेशपत्रावरचा क्रमांक देऊन विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला स्वतःच्या ईमेलवरून लिही. पत्रावर छापलेला पत्ता वापरू नकोस, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा घे. अर्जातला ईमेल बदलून द्या अशीही विनंती त्याच पत्रात करायची. आणि हे पत्र तुम्ही लिहून देऊ नका. त्यालाच लिहू दे.